सार्वजनिक काकांचें चरित्र आणि मुखत्यारनाम्याचा पुरावा

(१)

एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांत जे राजकारणी पुरुष होऊन गेले, त्यांत गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका यांचें नांव बहुतेकांच्या तोंडीं आहे. त्यांचें चरित्र मात्र फार थोड्यांनीं विचारपूर्वक पाहिलें आहे. काकांविषयीं कोणासही विचारावें, तर दोन गोष्टी हटकून सांगण्यांत येतात. पहिली ही कीं, त्यांनीं खादी वापरण्याचें व्रत घेतलें. व दुसरी ही कीं, १८७७ च्या दिल्ली दरबारास ते त्याच जाड्याभरड्या पोशाखानें गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ह्या दोन गोष्टींवर एका राजकारणी पुरुषाची सारी कारकीर्द तोलून धरण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आमच्या मतें इतिहासास सोडून आहे, व त्यानें काकांचें खरें कार्य झांकलें गेलें आहे. त्यागी पुरुष म्हणून त्यांची पूजा झाली; राजकारणी म्हणून त्यांची परीक्षा झाली नाहीं. ती कशी व्हावी, कोणत्या कागदांवरून व्हावी, आणि ते कागद संग्राहकांनीं कां जपावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा लेख आम्ही भवानीनगरास बसून लिहीत आहों, हेंही सांगणें अवश्य आहे. भवानीनगर हें इंदापूर तालुक्यांत, बारामती व इंदापूर ह्या दोन गांवांच्या दरम्यान आहे. आज हा मुलूख उंसाचा व साखर कारखान्याचा म्हणून ओळखला जातो. काकांच्या हयातींत तो तसा नव्हता. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी इकडे खेळूं लागलें तें काका निवर्तल्यानंतर. त्यापूर्वीं हा टापू पावसाच्या भरंवशावर ज्वारी-बाजरी पिकविणारा, आणि पाऊस चुकला कीं सावकाराच्या दारीं जाणारा होता. काकांचें चरित्र आजवर पुण्याच्या पेठांतून पाहण्यांत आलें आहे. तेंच इंदापूर-भीमथडीकडून पाहिलें असतां त्यांतील उजेड व अंधार निराळ्या जागीं पडतात, असें आमच्या ध्यानांत आलें. तेंच येथें मांडीत आहों.

(२)

प्रथम काळाचा क्रम नीट लावूं. कारण काकांविषयींचे कित्येक गैरसमज क्रम चुकल्यानेंच झालेले आहेत. काकांचा जन्म १८२८ सालीं सातारा येथें झाला. पुढें ते पुण्यास आले व तेथें वकील म्हणून प्रसिद्धीस चढले. पर्वती संस्थानाच्या व्यवस्थेविषयीं त्या वेळीं पुण्यांत असंतोष माजला होता. पंचांच्या कारभाराविरुद्ध दाद मागावयाची तर ती कोणी मागावी, व कोणाच्या वतीनें मागावी, हा प्रश्न पडला. त्या प्रश्नाच्या वाटाघाटींतून २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधि तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि तिच्यासाठीं अहोरात्र खपणाऱ्या गणेश वासुदेवांस लोक 'सार्वजनिक काका' म्हणूं लागले. १८७१ मध्यें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं स्त्रीविचारवती सभा काढिली. १८७२ मध्यें काकांनीं स्वदेशीचें व्रत घेतलें. १८७३ मध्यें सभेनें नेमलेल्या मंडळानें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीविषयीं अहवाल प्रसिद्ध केला. १८७५ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटांत हिंदुस्थानास प्रतिनिधि मिळावे, असा अर्ज सभेनें विलायतेस धाडला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सभेनें ठिकठिकाणची हकीकत जमवून सरकारपुढें ठेविली. १८७७ मध्यें दिल्ली दरबार झाला. १८७८ मध्यें सभेचें इंग्रजी त्रैमासिक सुरू झालें. १८७९ मध्यें काकांनीं वासुदेव बळवंत फडके यांची वकिली केली. आणि २५ जुलै १८८० रोजीं, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षीं, ते वारले.

सभेशीं त्यांचा संबंध अशा रीतीनें पुरा दहा वर्षांचाच भरतो. ह्या दहा वर्षांचा हिशेब करितांना नेहमीं एक चूक होते, ती अशी कीं, सभा न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं काढिली, व काका हे त्यांचे हातपाय होते. रानडे पुण्यास बदलून आले ते १८७१ च्या अखेरीस. त्या वेळीं सभा दीड वर्षाची झालेली होती, तिचे नियम ठरलेले होते, आणि सभासदांची निवड होऊन गेलेली होती. रानड्यांनीं सभेस जें दिलें तें थोडकें नव्हे. आंकडे गोळा करून त्यांवर युक्तिवाद उभारण्याची जी शिस्त सभेच्या अर्जांत व त्रैमासिकांत दिसते, ती त्यांची आहे. परंतु सभेचा सांगाडा त्यांचा नव्हे.

ही चूक कां झाली, त्याचें कारणही कागदांतच आहे. रानड्यांचे निबंध व व्याख्यानें छापलेलीं आहेत, रमाबाईंनीं लिहिलेल्या आठवणी १९१० मध्यें प्रसिद्ध झाल्या, न. र. फाटक यांनीं लिहिलेलें विस्तृत चरित्र १९२४ मध्यें निघालें. काकांच्या नांवावर असा ग्रंथसंभार नाहीं. तेव्हां चरित्रकार काकांकडे रानड्यांच्या खिडकींतून पाहतात, व खिडकींतून जेवढें दिसतें तेवढेंच लिहितात. लिहिणाऱ्याचें चरित्र त्याच्या लेखांतून निघतें. लोकांकडून लिहवून घेणाऱ्याचें चरित्र त्या लोकांच्या कागदांतून काढावें लागतें. काका दुसऱ्या वर्गांत मोडतात.

(३)

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. सभेचा जो नियम सर्वांत महत्त्वाचा, त्याकडे चरित्रलेखनांत सर्वांत कमी लक्ष गेलें आहे. सभासद होऊं इच्छिणारानें निदान ५० सज्ञान मनुष्यांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणून दाखविला पाहिजे, असा तो नियम होय. आरंभीं असे ९५ सभासद झाले, व त्यांस मुखत्यारपत्र देणारांची संख्या ६००० होती असें नमूद आहे. दरडोई ५० प्रमाणें ९५ सभासदांस ४७५० सह्या पुरेशा होत्या. ६००० म्हणजे दर सभासदामागें सरासरी ६३ सह्या पडतात. नियमाची केवळ भरती करून सभासद थांबले नाहींत, एवढें ह्या साध्या भागाकारावरून दिसतें.

हा नियम कोठून आला, याचा शोध लांब करावयास नको. काका वकील होते. न्यायाधीशापुढें कोणी वकील उभा राहिला, कीं प्रथम त्याचें वकीलपत्र पाहण्यांत येतें. पक्षकाराची सही नसेल तर वकील कितीही विद्वान असो, त्याला तोंड उघडतां येत नाहीं. पर्वतीच्या प्रकरणांत हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि काकांनीं त्याचें उत्तर आपल्या धंद्यांतून दिलें. रयतेच्या नांवानें सरकारशीं बोलूं पाहणारानें रयतेचें पत्र खिशांत ठेवावें, हा त्यांचा दंडक. त्यापूर्वीं मुंबईस व पुण्यास मंडळ्या निघाल्या नव्हत्या असें नाहीं. पण चार प्रतिष्ठित गृहस्थ जमले म्हणजे तेच लोकमत, अशी त्यांची समजूत होती. काकांनीं प्रतिष्ठेच्या जागीं सही आणिली.

ह्या गोष्टीचें मोल कळण्यासाठीं परदेशचा एक दाखला घेऊं. अमेरिकेंतील अब्राहाम लिंकन हे काकांचे समकालीन; तेही वकिलींतूनच राजकारणांत आले. १८६० मध्यें ते अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हां त्यांस १८ लक्षांहून अधिक मतें पडलीं, व कोणत्या संस्थानांत किती पडलीं हें आज कोणासही पाहतां येतें. लिंकनच्या चरित्रकारास, हा मनुष्य कोणाच्या वतीनें बोलत होता, हा प्रश्न पडत नाहीं. मतमोजणीनें त्याचें उत्तर देऊन ठेविलेलें आहे. आमच्याकडे १८७० मध्यें काय होतें? कायदेकौन्सिलांत सरकार नेमील ते गृहस्थ बसत. रयतेनें निवडून द्यावयाची तेथें सोयच नव्हती. अशा वेळीं एका वकिलानें सरकारची परवानगी न मागतां, स्टांपाच्या व सह्यांच्या परिचित भाषेंत, निवडणुकीचें एक घरगुती रूप तयार केलें. दिल्लीच्या दरबारांतील पोशाखापेक्षां हें कृत्य आम्हांस शतपटीनें धाडसाचें वाटतें.

(४)

परंतु येथेंच टीकाकाराचें काम सुरू होतें. ते ६००० लोक कोण? सभेच्या सभासदांत सरदार होते, इनामदार होते, वकील होते, पेन्शनर होते व सावकारही होते. ब्राह्मणांचा भरणा अधिक होता. पाटाच्या पाण्याविना राबणारा इंदापूरचा कुणबी त्या सह्यांत होता काय? हा प्रश्न आम्हींच आज काढिला असें नाहीं. काकांच्या हयातींत, १८७३ मध्यें, पुण्यांतच सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत सार्वजनिक सभेच्या 'सार्वजनिक' ह्या नांवावरच हल्ला चढविला. काकांचे भक्त हा हल्ला जातिद्वेषाचा म्हणून बाजूस सारितात. फुल्यांचे भक्त तोच अखेरचा निवाडा म्हणून उचलून धरितात. दोन्ही पक्ष पुराव्याकडे जात नाहींत. आमच्या मतें हा वाद इंदापूर-भीमथडींतच कसास लागण्यासारखा आहे. आणि त्याचें कारण ह्या तालुक्यांच्या महसुली इतिहासांत आहे.

दख्खनच्या जमीनमहसुलाचे मोठे प्रयोग ह्याच मातींत झाले. प्रिंगलसाहेबांनीं विलायती अर्थशास्त्राच्या सिद्धान्तावर बसविलेली आकारणी १८३० मध्यें लागू झाली व फसली. शेतें ओसाड पडलीं. मग १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांतच नवी पाहणी आरंभिली, व तीस वर्षांची मुदतबंदी सारापद्धति तेथून सर्व इलाख्यांत पसरली. जो तालुका बंदोबस्तांत पहिला, त्याची मुदतही पहिली संपली. १८६६-६७ च्या सुमारास इंदापुरांत फेरआकारणीची वेळ आली. ती वेळ फार वाईट होती. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तिकडील कापूस विलायतेस जाईना, म्हणून मुंबई इलाख्यांत कापसाचा व त्याच्या मागोमाग सर्वच जिनसांचा भाव चढला. त्या चढलेल्या भावांकडे पाहून सारा वाढविण्यांत आला, आणि थोड्याच वर्षांत भाव खालीं आले. लिंकनचें युद्ध इंदापूरच्या पाटलाच्या वहींत उतरलें तें असें.

१८७३ चा सभेचा अहवाल ह्या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. वाढीव साऱ्यानें रयत कशी खचत आहे, हें दाखविण्याचा तो प्रयत्न होता. पुढल्याच वर्षीं, १८७४ च्या अखेरीस, सरकारनें फेरआकारणीच्या वाढीस मर्यादा घातली: तालुक्यावर किंवा गांवांच्या गटावर शेंकडा ३३, एका गांवावर शेंकडा ६६, व एका खातेदारावर शेंकडा १००. ही मर्यादा सभेच्या अहवालामुळेंच घालण्यांत आली, असें म्हणणें धाडसाचें होईल. सरकारी अंमलदारांतही त्याविषयीं वाद चालू होता. पण इंदापूरच्या साऱ्याचा प्रश्न पुण्याच्या सभेनें वेळेवर उचलला, हें निर्विवाद आहे. शेतकऱ्याच्या दोन दुखण्यांपैकीं सरकारी साऱ्याचें दुखणें सभेनें ओळखलें. दुसरें दुखणें सावकाराच्या रोख्याचें. तेथें सभेची जीभ जड होते, आणि तीच आमची तक्रार आहे.

(५)

१२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, भीमथडींतील सुपें येथें कुणब्यांनीं गुजर सावकारांचीं घरें व दुकानें घेरलीं. तेथून दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. एकंदर ९५१ लोक पकडण्यांत आले व त्यांपैकीं ५०१ दोषी ठरले. सरकारनें नेमलेल्या कमिशननें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली, व ती आपल्यासारख्या कागदांच्या उपासकांनीं नीट ध्यानांत घेण्याजोगी आहे. लोकांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. तो कागदांवर होता. सावकारानें रोखे, खतें व हुकुमनामे बाहेर काढून दिले, कीं ते जाळीत व निघून जात. जेथें ते मिळाले नाहींत, तेथेंच बहुधा नासधूस झाली.

कागदावर एवढा राग कां? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणिली. ऋणको लवकर मोकळा व्हावा हा त्याचा उद्देश. परंतु फळ उलटें आलें. मुदत भरत आली कीं सावकार नवा रोखा लिहवून घेई, व जुनें मुद्दल आणि व्याज मिळून नवें मुद्दल होई. नमुन्यादाखल एक हिशेब करून पाहावा. ५० रुपये मुद्दल, व्याज दरमहा शेंकडा दोन. तीन वर्षांनीं व्याज ३६, म्हणजे नवा रोखा ८६ चा. आणखी तीन वर्षांनीं त्यावर ६१ रुपये १५ आणे, म्हणजे तिसरा रोखा जवळजवळ १४८ चा. मध्यंतरीं एक पैही नवी उचललेली नाहीं. फक्त दोनदां निशाणी केली आहे. कुणब्याला वाचतां येत नव्हतें, पण आपली निशाणी आपल्या विरुद्ध उभी राहते, हें त्याला कळत होतें.

आतां मुखत्यारनामा व रोखा हे दोन कागद शेजारीं ठेवावे. दोन्ही त्याच काळचे. दोन्ही वकिली भाषेंतले. दोन्हींच्या खालीं रयतेची खूण. एका कागदानें रयत आपला आवाज दुसऱ्याच्या हातीं देते. दुसऱ्यानें आपली जमीन देते. काकांनीं पहिल्या कागदावर आपली सारी कारकीर्द उभारली. सुप्याच्या लोकांनीं दुसरा कागद चव्हाट्यावर जाळला. पहिला कागद सुप्याच्या लोकांपर्यंत पोंचला असता, तर दुसरा जाळावा लागला असता काय? काकांच्या चरित्राचा हा मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि खादीच्या गौरवांत तो विचारावयाचाच राहून गेला आहे.

अलीकडील इतिहासकारांत ह्या बाबतींत मतभेद आहे. रविंदर कुमार यांनीं १८६८ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, १९६८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, सभेनें साऱ्याविरुद्ध चालविलेल्या चळवळीचा व दंग्याच्या वातावरणाचा संबंध जोडला आहे. नील चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ मध्यें उलट प्रतिपादन केलें कीं, हा दंगा समजला जातो तेवढा मोठा नव्हता, व त्याला इतकें महत्त्व देणें ही एक दंतकथाच होय. कमिशनमध्येंही एकमत नव्हतें. त्याचे सभासद ऑकलंड कॉल्विन यांनीं स्वतंत्र टिपण लिहून सारावाढीकडे बोट दाखविलें. ह्या सर्वांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि त्यांचा पुरावा मुख्यत्वें इंग्रजी दफ्तरांतला आहे. सरकारनें काय पाहिलें तें त्यांत सांपडतें. गांवानें कोणास मुखत्यार केलें, हें सरकारी दफ्तरानें सांगावें तरी कसें?

काकांच्या बाजूनें येथें दोन गोष्टी सांगणें न्यायाचें होईल. पहिली, भांडण कोर्टांत न जातां मिटावें म्हणून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्यांत लवाद कोर्ट चालविलें. कोर्टाचा हुकुमनामा हेंच सावकाराचें मोठें हत्यार होतें, ही गोष्ट वकील असूनही त्यांनीं ओळखली होती. दुसरी, १८७९ मध्यें जो दख्खन शेतकरी कायदा झाला, त्यांत गांवरजिस्ट्रार व सलोखा करणारे नेमण्याची तरतूद होती, आणि रोख्यांची मुदतही वाढविण्यांत आली. सलोख्याची ही वाट कायद्यापूर्वींच पुण्यांत चोखाळली गेली होती, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

(६)

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर सर्वांत अधिक प्रकाश पाडतो. जुलै १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके पकडले गेले व त्यांचा खटला पुण्यांत चालला. रानडे त्या वेळीं बदलीवर पुण्याबाहेर होते. सभेवर सरकारची वक्र दृष्टि होती. शिक्षित मंडळींनीं बंडाशीं आपला कांहींएक संबंध नाहीं असें सांगण्याचे ते दिवस. अशा वेळीं काकांनीं फडक्यांचें वकीलपत्र घेतलें. फडक्यांस जन्मठेप होऊन एडनला पाठविण्यांत आलें, व तेथें १८८३ मध्यें त्यांचा अंत झाला.

काकांनीं फडक्यांचा मार्ग पसंत केला होता, असा ह्यावरून निष्कर्ष काढणारे आहेत. आम्हांस तो मान्य नाहीं. ज्या मनुष्यानें दहा वर्षें अर्ज, अहवाल व सह्या ह्यांवर भिस्त ठेविली, त्यानें शेवटच्या वर्षीं आपलें मत पालटलें असें दाखविणारा पुरावा कोणी पुढें आणिलेला नाहीं. आमच्या मतें त्यांचें वागणें आरंभापासून शेवटपर्यंत एकसूत्री आहे. कोणीही मनुष्य बोलणाऱ्यावांचून राहूं नये, व बोलणारानें अधिकारपत्रावांचून बोलूं नये, हीं त्यांच्या राजकारणाचीं दोन वचनें. पहिल्याच्या पोटीं त्यांनीं फडक्यांची वकिली केली; दुसऱ्याच्या पोटीं सभेचा मुखत्यारनामा काढिला. दोन्हींची कसोटी एकच, व तीच लावून त्यांस जोखलें पाहिजे: ज्यांच्या नांवानें ते बोलले, त्यांनीं खरोखर त्यांस बोलावयास सांगितलें होतें काय?

(७)

ही कसोटी लावण्याचें साधन आपल्या मंडळाच्या वाचकांच्या हातीं आहे, म्हणून शेवटीं त्यांच्याशीं दोन शब्द बोलूं. संग्राहकांत एक संवय रुजलेली आहे. मोडी रुमाल उघडला, कीं १८१८ पूर्वींचा कागद तेवढा बाजूस काढावयाचा, व कंपनी किंवा राणी सरकारच्या स्टांपाचा कागद 'अलीकडचा' म्हणून परत गुंडाळावयाचा. कित्येक ठिकाणीं तर स्टांपाचा तुकडा तेवढा कापून घेऊन बाकीचा कागद रद्दींत टाकितात. आम्हींही हें पाप केलेलें आहे. पेशव्यांच्या शिक्क्याच्या लोभानें आम्हीं एके काळीं अनेक रोखे न वाचतां परत केले, व आतां त्यांची आठवण होऊन हळहळतों. बारामती-इंदापुराकडे पाणी आलें, ऊंस आला, जुने वाडे पडून नवीं घरें झालीं, आणि पोटमाळ्यावरचीं दफ्तरें खालीं आलीं. जें सुप्याच्या होळींतून वांचलें, तें घरबांधणींत जाऊं नये.

कोणाच्या संग्रहीं सार्वजनिक सभेचा मुखत्यारनामा असेल, किंवा पुढें आढळेल, तर त्यांनीं तो वाचतांना मजकुराइतकेंच लक्ष तळाकडे द्यावें. आपल्या जुन्या कागदांत निरक्षर मनुष्य सहीच्या जागीं आपल्या धंद्याची निशाणी करितो. कुणब्याची निशाणी नांगर, हें वाचकांस सांगावयास नको. मुखत्यारनाम्याखालीं अक्षरांत केलेल्या सह्या किती, व नांगर किती, हें मोजावें. गांव, तालुका, तारीख व मुखत्याराचें नांव टिपून घ्यावें. सगळ्या निशाण्या एकाच हातच्या दिसतात कीं वेगळ्या, तेंही पाहावें. कारण कुळकर्ण्यानें घरीं बसून ओढलेले पन्नास नांगर व चावडीवर येऊन पन्नास जणांनीं ओढलेले नांगर यांत फार अंतर आहे. त्याच गांवचे १८५९ नंतरचे रोखे सांपडल्यास ते क्रमानें लावावे, आणि एकाच ऋणकोचे तीन-तीन वर्षांचे दुवे तुटूं देऊं नयेत. सुटा रोखा कर्ज सांगतो. रोख्यांची सांखळी सुप्याच्या दंग्याचें कारण सांगते. मुखत्यारनामा देणारा व रोखा लिहून देणारा एकच मनुष्य निघाला, तर त्या दोन कागदांनीं जें कळेल तें दहा चरित्रग्रंथांनीं कळणार नाहीं.

नांगर पुष्कळ निघाले, तर फुल्यांचा आक्षेप त्या गांवापुरता तरी सैल होईल, व काकांचें स्थान आजच्याहून पुष्कळ वर जाईल. नांगर न निघाले, तर सभा कुणब्याविषयीं बोलली, पण कुणब्याच्या वतीनें बोलली नाहीं, असें स्पष्ट म्हणावें लागेल. दोहोंपैकीं कांहींही ठरलें तरी तें छापण्यास कचरूं नये. ज्या पुरुषानें पुढाऱ्याचा शब्द पुरा न मानतां सही मागितली, त्याच्या चरित्रकारानेंही आख्यायिका पुरी न मानतां सही मागावी, यांत त्या पुरुषाचा अवमान नाहीं. त्यानें घालून दिलेला नियम आपण त्याला स्वतःला लावीत आहों, इतकेंच.

भवानीनगर.